'खास बाब' म्हणून मोठा फलक : सार्वजनिक वास्तूंच्या नामफलकांना दिल्या जाणाऱ्या आकार-शिथिलतेची चिकित्सा (विशेष संदर्भ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

१. प्रास्ताविक

शहराविषयीचे मराठीतील अभ्यासपूर्ण लेखन प्रामुख्याने उद्योग, स्थलांतर, पाणीपुरवठा, वाहतूक आणि झोपडपट्टी या विषयांभोवती फिरत आले आहे. सार्वजनिक वास्तूच्या दारातील नामफलक हा त्या मानाने किरकोळ विषय समजला जातो. फलक केवढा असावा, हा प्रश्न बहुधा अंदाजपत्रकातील एका ओळीत किंवा उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात सुटतो. त्याची कारणे कोठे नोंदवली जात नाहीत आणि नोंदवली गेली तरी ती 'खास बाब म्हणून मंजुरी देण्यात येत आहे' या एका वाक्यात संपतात.

काही वर्षांपूर्वी एका रात्री प्रस्तुत लेखकाला आजारी नातेवाइकास घेऊन रिक्षाने एका सार्वजनिक रुग्णालयात जावे लागले. रुग्णालयाचा फलक भव्य होता. त्यावर संस्थेचे नाव, बोधचिन्ह, उद्घाटकांची व प्रमुख पाहुण्यांची नावे असे सर्व काही होते. 'अपघात विभाग' हे दोन शब्द मात्र बाजूच्या भिंतीवर, हाताने रंगवलेल्या लहान पाटीवर होते. रिक्षा प्रवेशद्वार ओलांडून पुढे गेली आणि दुभाजकामुळे बरेच अंतर जाऊन परत वळावी लागली. फलक मोठा असणे आणि फलक वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव त्या रात्री झाली. या लेखाचे मूळ त्या जाणिवेत आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल. सार्वजनिक वास्तूच्या नामफलकासाठी नियमापेक्षा मोठा आकार मागितला जातो, तेव्हा 'अडचण कोणाची?' हा पहिला प्रश्न असला पाहिजे. अडचण संस्थेच्या प्रतिष्ठेची असेल तर शिथिलता देण्याचे कारण नाही. अडचण वाचणाऱ्याची असेल तर शिथिलता द्यावी, परंतु जेवढी अडचण तेवढीच.

२. शिथिलता ही संकल्पना

येथे नामफलक म्हणजे वास्तूच्या आवारात, रस्त्याच्या बाजूस, जमिनीवर स्वतंत्र चौथरा बांधून त्यावर उभारलेला दगडी, काँक्रीटचा वा धातूचा फलक असा अर्थ अभिप्रेत आहे. रुग्णालय, नाट्यगृह, वाचनालय, क्रीडासंकुल, अग्निशमन केंद्र, महाविद्यालय अशा वास्तूंपुढे असे फलक आढळतात. खांबांवर उंच उभारलेले व्यापारी होर्डिंग हा निराळा प्रकार आहे; तथापि आकाराच्या प्रश्नात दोहोंचा संबंध कसा येतो, ते पुढे स्पष्ट होईल.

नियमातून विशिष्ट प्रकरणापुरती सवलत देण्याची कल्पना अमेरिकन नगररचनेत फार पूर्वी स्थिर झाली. तेथील वाणिज्य खात्याने १९२० च्या दशकात राज्यांसाठी जो आदर्श कायदा तयार केला, त्याची सुधारित आवृत्ती १९२६ मध्ये निघाली. त्यात अशा सवलतीसाठी तीन अटी एकत्र गुंफल्या होत्या : जागेची काही विशेष परिस्थिती असावी, नियमाच्या शब्दशः अंमलबजावणीने अनावश्यक हालअपेष्टा होत असाव्यात आणि सवलत सार्वजनिक हिताच्या विरुद्ध नसावी. तेथील अनेक शहरांत शाळा वा वाचनालयासारख्या सार्वजनिक संस्थेलाही चौथऱ्यावरील फलक मोठा करावयाचा असल्यास मंडळापुढे अर्ज करावा लागतो आणि शेजाऱ्यांना सुनावणीत बोलता येते.

महाराष्ट्रातही ही कल्पना परकी नाही. राज्यातील बहुतेक नियोजन प्राधिकरणांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आयुक्तांना असा स्वेच्छाधिकार दिलेला आहे. स्पष्टपणे दाखवता येण्याजोगी अडचण असेल, अशा विशिष्ट प्रकरणी त्यांना नियमातील मापे लेखी परवानगीने बदलता येतात. मात्र त्यामुळे आरोग्य, अग्निसुरक्षा, बांधकामाची मजबुती आणि रहिवाशांची व परिसराची सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये, अशी अट आहे. म्हणजे 'स्पष्टपणे दाखवता येण्याजोगी अडचण' हा निकष आपल्या नियमातच आहे. उणीव निकषाची नाही. तो वापरण्याच्या सवयीची आहे. 'खास बाब' हा शब्दप्रयोग त्या निकषाची जागा घेतो. प्रकरण खास का आहे, हे सिद्ध करण्याऐवजी ते खास आहे असे घोषित केले जाते.

३. पट्ट्याचे स्वरूप आणि वाचक

पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना आणि नंतर विकसित झालेले औद्योगिक क्षेत्र यांमुळे येथे देशाच्या सर्व भागांतून कामगार आले. पुढे हा विस्तार पुणे-नाशिक महामार्गाने भोसरी, मोशी व चाकणपर्यंत गेला. कांद्याच्या बाजारपेठेसाठी आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी लढवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाणारे चाकण आज वाहन उद्योगाचे केंद्र आहे.

या पट्ट्यातील रस्त्यांचे स्वरूप फलकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. निगडी ते दापोडी हा जुना पुणे-मुंबई रस्ता शहराच्या मध्यातून जातो. तेथे ग्रेड सेपरेटरमधून वेगाने जाणारी वाहतूक आणि सेवारस्त्यावरील संथ वाहतूक शेजारी शेजारी असते. चाकण परिसरात अवजड वाहने, कामगारांच्या बसगाड्या, दुचाकी आणि पादचारी एकाच रस्त्यावर असतात. म्हणजे एकाच फलकाचे वाचक तीन : वेगाने जाणारा वाहनचालक, सेवारस्त्यावरील रिक्षाचालक आणि पदपथावरील पादचारी. त्यांतील पुष्कळांची मातृभाषा मराठी नाही आणि काहींना कोणतीही लिपी सफाईने वाचता येत नाही.

आणखी एक बाब अशी की, या पट्ट्यात परवानगी देणारे प्राधिकरण एक नाही. महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ, २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, त्याच वर्षी अस्तित्वात आलेली चाकण नगरपरिषद आणि महामार्गाची यंत्रणा अशा अनेक हद्दी येथे एकमेकींना भिडतात. उपरोक्त नियमावली औद्योगिक महामंडळाच्या क्षेत्रास लागू नाही. त्याचे नियम स्वतंत्र आहेत. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन भिन्न नियम असू शकतात.

४. कायद्यातील अपवाद

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २४४ आकाशचिन्हांविषयी व कलम २४५ जाहिरातींविषयी आहे. या कलमांच्या अंमलबजावणीसाठीचे २००३ चे नियम जाऊन २०२२ मध्ये नवे नियम आले. नामफलकाच्या दृष्टीने कलम २४५ मधील एक अपवाद विशेष विचारात घेण्याजोगा आहे. जाहिरात लावण्यास आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक असली, तरी त्या जागेच्या वा इमारतीच्या नावाशी, किंवा तिच्या मालकाच्या वा भोगवटादाराच्या नावाशी संबंधित फलकास ती लागत नाही. मात्र तो फलक प्रकाशित नसावा आणि आकाशचिन्हाच्या व्याख्येत येणारा नसावा.

या अपवादामागील हेतू रास्त आहे. आपल्या दारावर आपले नाव लावण्यासाठी नागरिकाला कचेरीचे उंबरे झिजवावे लागू नयेत. परंतु हा अपवाद जेव्हा लिहिला गेला, तेव्हा नावाची पाटी म्हणजे दारावरची पाटी हे गृहीत होते. तीन मीटर उंचीचा, एलईडी दिव्यांनी उजळलेला चौथरा त्या गृहीतकात बसत नाही. दिवे लावताच अपवाद संपतो आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो. तथापि 'हा तर नावाचाच फलक आहे' या समजुतीखाली तो प्रश्न विचारलाच जात नाही, असे घडू शकते.

याहून मूलभूत अडचण अर्जदाराची आहे. वास्तू महानगरपालिकेची असेल तर फलक उभारणारी, परवानगी देणारी आणि शिथिलता मंजूर करणारी यंत्रणा एकच असते. खासगी शाळेच्या अर्जावर अभियंता निदान प्रश्न तरी विचारतो. आपल्याच खात्याच्या प्रस्तावावर प्रश्न विचारणे त्याला अवघड असते. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्यानंतर प्रदीर्घ काळ आयुक्त हेच प्रशासक होते. अशा काळात प्रस्ताव ठेवणारे आणि त्यास मान्यता देणारे पद एकाच व्यक्तीकडे असते. हा कोणा व्यक्तीवरील आक्षेप नसून रचनेतील दोष आहे. ज्या निर्णयाचा दुसरा वाचक नाही, त्या निर्णयात कारणे लिहिण्याची सवय राहत नाही.

५. अक्षराचे गणित

फलकाच्या आकाराची चर्चा लांबी-रुंदीने सुरू होते, हीच पहिली चूक आहे. वाचणारा फलक वाचत नाही. तो अक्षरे वाचतो. म्हणून हिशेब अक्षराच्या उंचीपासून सुरू व्हावयास हवा. अमेरिकेतील रस्ताचिन्हांच्या २००९ च्या नियमपुस्तिकेत ३० फूट अंतरासाठी १ इंच अक्षर-उंची असे प्रमाण दिलेले आहे. ते रोमन लिपीसाठीचे असले तरी ढोबळ अंदाजास उपयोगी पडते.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. नाव वाचून, निर्णय घेऊन, वेग कमी करण्यास ६ सेकंद धरल्यास फलक १०० मीटरवरून वाचता आला पाहिजे. त्यासाठी अक्षराची उंची सुमारे २८ सेंटिमीटर हवी. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या अंतर्गत रस्त्यावर ५० मीटर अंतर व १४ सेंटिमीटर उंची पुरते. १५ मीटरवरील पादचाऱ्यास सुमारे ४ सेंटिमीटर उंचीचे अक्षर पुरेसे असते.

देवनागरीच्या बाबतीत येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. रोमन मोठ्या अक्षराची उंची सरळ मोजता येते. देवनागरीत शिरोरेषेपासून खालपर्यंतचा भाग हा अक्षराचा मूळ देह. त्याच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार यांसाठी जागा लागते. 'स्मृती' या एका शब्दात जोडाक्षर, ऋकार व वेलांटी तिन्ही आहेत. मूळ देह २८ सेंटिमीटर ठेवावयाचा असेल तर प्रस्तुत लेखकाच्या अंदाजाने संपूर्ण ओळीस ४५ ते ५० सेंटिमीटर उंची द्यावी लागते. रोमन अक्षरांवरून ठरवलेले माप देवनागरीस तसेच लावले, तर अक्षराचा देह आक्रसतो आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. म्हणजे आकार-शिथिलतेसाठी एखादी खरी, दाखवता येण्याजोगी अडचण असेल तर ती लिपीची आहे.

आता हा हिशेब एका नावावर करून पाहू. शहरात सर्वांच्या तोंडी 'वायसीएम' म्हणून रुळलेल्या रुग्णालयाचे पूर्ण नाव 'यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय' असे आहे. येथे ते केवळ मोजमापासाठी घेतले आहे. त्या रुग्णालयाच्या प्रत्यक्ष फलकाशी या चर्चेचा संबंध नाही. हे चार शब्द दोन ओळींत, ५० सेंटिमीटरच्या ओळीत मांडले, मध्ये २० आणि वर-खाली १५ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, तर फलकाची उंची दीड मीटर होते. लांबी ढोबळ हिशेबाने ३ मीटरच्या आसपास भरते. म्हणजे महामार्गाच्या वेगालाही ३ गुणिले दीड मीटर एवढा फलक चार शब्दांच्या नावास पुरतो.

मग ६ गुणिले ३ मीटरचा फलक कशासाठी मागितला जातो? त्याचे उत्तर नावात नसून नावाभोवती असते : बोधचिन्हे, उपाध्या, 'शुभहस्ते', 'प्रमुख उपस्थिती', 'विशेष सहकार्य'. हा मजकूर कोनशिलेचा आहे. कोनशिला पादचाऱ्याने थांबून वाचावयाची असते. तिला ४ सेंटिमीटरचे अक्षर पुरते आणि तिची जागा प्रवेशद्वाराच्या आत असते. कोनशिला आणि नामफलक एकाच चौथऱ्यावर आणल्याने आकार वाढतो आणि वाचनीयता घटते. आकार-शिथिलतेच्या प्रस्तावासोबत फलकाचे बाह्य माप जोडले जाते. त्यावरील मजकूर व अक्षरांची उंची जोडणे सक्तीचे केले, तर अनेक प्रस्तावांची गरजच उरणार नाही, असे म्हणता येईल.

६. वाऱ्याचे गणित

आकाराचा दुसरा संबंध सुरक्षिततेशी आहे आणि येथे शब्द फसवे ठरतात. ३ गुणिले दीड मीटरऐवजी ६ गुणिले ३ मीटरचा फलक मागणारा अर्जदार 'दुप्पट' असा शब्द वापरतो. प्रत्यक्षात क्षेत्रफळ साडेचार चौरस मीटरवरून १८ चौरस मीटर, म्हणजे चौपट होते. भारतीय मानकानुसार पुण्यासाठी मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरला जातो. इतर गुणक बाजूला ठेवले तर त्या वेगाने येणारा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलोग्रॅम वजनाइतका असतो. लहान फलकावर तो एकूण सुमारे ४२० किलो भरतो, तर मोठ्या फलकावर सुमारे १,६७० किलो. शिवाय हा रेटा फलकाच्या मध्यावर लागतो आणि मध्यही दुप्पट उंचीवर गेलेला असतो. त्यामुळे फलक पायापासून उलथवणारा परिणाम आठपट होतो. लांबी-उंची दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, उलथवणारा रेटा आठपट, ही साखळी प्रस्तावात लिहिली गेली पाहिजे.

ही चर्चा पुस्तकी नाही. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळले आणि पावसापासून आडोसा घेतलेल्यांपैकी ५ जणांचा मृत्यू झाला. ते होर्डिंग अनधिकृत होते. त्याआधी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यातील जुना बाजार परिसरात रेल्वेच्या जागेवरील होर्डिंगचा सांगाडा काढताना तो रस्त्यावर पडून ४ जण दगावले होते. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर कोसळलेल्या होर्डिंगखाली १७ जणांचा बळी गेला. मुंबई महानगरपालिकेची मर्यादा ४० गुणिले ४० फूट असताना ते सुमारे १२० गुणिले १२० फूट होते. लांबी-उंची तिप्पट म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. उभारणीची उंचीही त्याच प्रमाणात वाढली असे धरल्यास उलथवणारा रेटा सत्तावीसपट. तेथील जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात होती आणि महानगरपालिकेची परवानगी नव्हती. या दुर्घटनेच्या चौकशीसाठी शासनाने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती नेमली.

चौथऱ्यावरील नामफलक आणि ही होर्डिंग यांची तुलना सरसकट करता येणार नाही, याची प्रस्तुत लेखकास जाणीव आहे. जमिनीलगतचा काँक्रीटचा फलक सहसा उडून जात नाही. परंतु घाटकोपरच्या प्रकरणातून नामफलकासाठीही एक बोध निघतो. आकाराची मर्यादा एका यंत्रणेने ठरवावी आणि 'जागा आमची' म्हणून दुसऱ्या सार्वजनिक यंत्रणेने ती बाजूला ठेवावी, हे घडू शकते. सार्वजनिक असणे म्हणजे नियमातून मुक्त असणे नव्हे.

जमिनीलगतच्या फलकाचा स्वतःचा एक धोका आहे, तो म्हणजे दृष्टीआड होणारा रस्ता. उपरोक्त नियमावलीत कोपऱ्यावरील भूखंडाच्या कुंपणभिंतीस चौकाच्या दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत ०.७५ मीटर एवढीच भरीव उंची ठेवता येते. त्यावरील भाग जाळीसारखा खुला असावा लागतो. कारण उघड आहे : वळणाऱ्या चालकास समोरचे दिसले पाहिजे. अशा कोपऱ्यावर भिंत पाऊण मीटरची आणि तिच्या मागे ३ मीटरचा भरीव चौथरा असेल, तर भिंतीचा नियम पाळला जाऊनही त्याचा हेतू मोडतो. सायंकाळी पाळी सुटल्यावर चाकणच्या रस्त्यांवर येणारा दुचाकीस्वार त्या हेतूवर विसंबून वळण घेत असतो.

७. भाषा आणि आकार

महाराष्ट्रात फलकाच्या आकाराची चर्चा भाषेपासून वेगळी करता येत नाही. दुकाने व आस्थापनांविषयीच्या अधिनियमात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने नामफलकावर देवनागरी लिपीतील मराठी अक्षरे प्रथम असावीत आणि ती इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे बंधन आले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्याच्या पूर्ततेसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. भाषेचा मान अक्षराच्या मापाने मोजणारा हा नियम आहे आणि त्यामागील भावना समजण्याजोगी आहे. परंतु 'लहान नसावीत' म्हणजे नेमके काय मोजावयाचे? संगणकावरील टंकाचा अंक सारखा ठेवला तरी दोन लिपींतील अक्षरांचा दृश्य आकार सारखा येईलच असे नाही. शिरोरेषेखालील देह रोमन मोठ्या अक्षराएवढा असावा, असे स्पष्ट म्हटले तरच मराठीस खऱ्या अर्थाने समान माप मिळेल.

सार्वजनिक वास्तूच्या संदर्भात अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेचे प्रकरण मार्गदर्शक आहे. नगरपरिषदेच्या इमारतीवरील फलकावर मराठीबरोबर उर्दूतही नाव होते. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेविषयीच्या २०२२ च्या अधिनियमाचा आधार घेऊन त्यास आव्हान देण्यात आले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी ते फेटाळले. मराठीबरोबर दुसरी भाषा वापरण्यास सदर अधिनियम मनाई करीत नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. न्यायालयापुढील वाद भाषेचा होता. परंतु त्यातून आकारासाठी एक निष्कर्ष काढता येतो. फलक कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर तेथे राहणारे व तेथे येणारे लोक पाहून द्यावयाचे आहे.

पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात अपघात विभाग, प्रसूतिगृह किंवा अग्निशमन केंद्र यांच्या फलकावर मराठीबरोबर दुसरी भाषा व सर्वांना कळणारे चिन्ह असणे ही चैन नाही. मराठी नाव पूर्ण मापाने ठेवून दुसऱ्या भाषेत तेच नाव तेवढ्याच मापाने द्यावयाचे असेल, तर आपल्या उदाहरणातील फलक ३ गुणिले ३ मीटर होईल. ही वाढ समर्थनीय आहे, कारण तिचे कारण वाचकाच्या गरजेत आहे आणि ते मोजून दाखवता येते. परंतु येथेही वाढ दुपटीची ठरते, मागितलेल्या चौपटीची नव्हे.

८. संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जाण्याची शक्यता आहे. पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा : सार्वजनिक वास्तूस भव्यता शोभते, नाट्यगृहाची पाटी किराणा दुकानासारखी असू नये. या आक्षेपात तथ्य आहे. नगराला अभिमानाच्या जागा हव्यात. निगडी येथील शिवराय व तुकोबांच्या भेटीचे भक्ती-शक्ती समूहशिल्प ही अशीच जागा आहे आणि तिच्या आकाराबद्दल कोणी तक्रार करीत नाही. परंतु शिल्प हे पाहण्यासाठी असते आणि फलक वाचण्यासाठी. भव्यता हवी असल्यास ती वास्तूच्या रचनेत, दगडाच्या निवडीत, अक्षरांच्या वळणात आणावी. क्षेत्रफळ वाढवणे हा भव्यतेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुबळा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. आजूबाजूच्या होर्डिंगांच्या गर्दीत लहान फलक हरवतो. म्हणून तो मोठा हवा. वस्तुस्थिती म्हणून हे बरोबर आहे. पण त्या होर्डिंगांना परवाना देणारी व त्यांचे शुल्क घेणारी यंत्रणा तीच महानगरपालिका आहे. आपणच दिलेल्या परवान्यांमुळे आपला फलक दिसत नाही, म्हणून आपणच आपल्याला सवलत द्यावयाची, हा युक्तिवाद चक्राकार आहे. अडचण अर्जदाराने स्वतः निर्माण केलेली नसावी, हे शिथिलतेच्या विचारातील जुने पथ्य आहे. रुग्णालयाच्या प्रवेशद्वारापुढील ठरावीक अंतर होर्डिंगमुक्त ठेवणे हा त्यावरील सरळ उपाय आहे. त्यात महसूल बुडतो, हे खरे; पण त्या महसुलाची किंमत कोण मोजतो, हेही विचारले पाहिजे.

९. परीक्षणाच्या कसोट्या

उपरोक्त विवेचनावरून सार्वजनिक वास्तूच्या नामफलकासाठी आकार-शिथिलतेचा प्रस्ताव तपासताना पुढील कसोट्या सुचवाव्याशा वाटतात.

(१) प्रस्तावात फलकाच्या बाह्य मापाबरोबर संपूर्ण मजकूर, प्रत्येक ओळीतील अक्षराच्या देहाची उंची आणि अपेक्षित वाचन-अंतर दिलेले असावे.

(२) नाव, विभाग व दिशा यांव्यतिरिक्तचा मजकूर वगळून फलक नियमात बसतो का, हे आधी पाहावे. बसत असेल तर शिथिलतेचा प्रश्न उद्भवत नाही.

(३) मागितलेली वाढ लांबी, क्षेत्रफळ आणि उलथवणारा रेटा या तिन्ही अंगांनी नोंदवावी. संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र वाढीव मापासाठी असावे.

(४) कोपरा, वळण व पदपथ यांवरील दृष्टिरेषा जागेवर जाऊन तपासावी. केवळ नकाशावरून निर्णय घेऊ नये.

(५) अर्जदार व परवानगी देणारे प्राधिकरण एकच असेल तर प्रस्तावावर नगररचना विभागाबाहेरील तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे आणि परिसरातील नागरिकांना ते पाहण्यास खुले ठेवावे.

(६) मंजुरीची वा नकाराची कारणे प्रसिद्ध करावीत. बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयांची कारणे देण्याचे कर्तव्य माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये आधीच सांगितलेले आहे. त्यासाठी नवा कायदा नको.

१०. निष्कर्ष

नामफलकाच्या आकाराचा प्रश्न सौंदर्याचा किंवा प्रतिष्ठेचा म्हणून पाहिला जातो, तोवर त्याचे उत्तर पद, प्रसंग आणि निधी यांवर अवलंबून राहील. तो वाचकाचा प्रश्न म्हणून पाहिला तर त्याचे उत्तर बहुतांशी मोजता येते. अंतर, वेग, लिपी, भाषा, वारा आणि दृष्टिरेषा या सहा गोष्टी मोजल्यावर 'खास बाब' या शब्दांना फारसे काम उरत नाही. या मोजणीतून काही वेळा फलक लहान करावा लागेल, तर काही वेळा, विशेषतः देवनागरीच्या व बहुभाषिक वाचकाच्या हितासाठी, तो नियमापेक्षा मोठाही करावा लागेल. दोन्ही निर्णय सारखेच रास्त आहेत, जर त्यांची कारणे कागदावर असतील.

आपल्यापैकी अनेकांची महाविद्यालयेही याच रस्त्यांवर आहेत. आपल्या संस्थांच्या प्रवेशद्वाराशी नवा फलक उभारण्याचा प्रस्ताव येईल, तेव्हा त्याची लांबी-रुंदी विचारण्यापूर्वी त्यावर काय लिहिले जाणार आहे आणि ते कोणाला, किती अंतरावरून वाचावयाचे आहे, एवढे दोन प्रश्न प्राध्यापक मंडळींनी विचारले, तरी या चर्चेचे काही चीज झाले असे म्हणता येईल.